चौथं कडवं

आमच्या घरी संध्याकाळची उपासना सात वाजता सुरू होते आणि तिची सुरुवात गाण्यानं होते. नारायणगुड्याच्या या घरात मी जन्मापासून राहते आहे. छप्पन्न वर्षांत सातला गाणं झालं नाही असा दिवस मला आठवत नाही. आई गेली त्या दिवशीही झालं. दफनभूमीतून परतलो, पाय धुतले, आणि कुणी काही बोलायच्या आधी पप्पा खुर्चीत बसून म्हणाले, "सात वाजले." आम्ही गायलो. माझा आवाज फुटत नव्हता, पण त्यांचा सरळ होता.

पप्पा तरुणपणी नगरकडून हैदराबादला आले ते गणिताचे शिक्षक म्हणून. मीही पुढे जामबागच्या एका शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. लग्न केलं नाही. भाऊ नोकरीसाठी पुण्याला गेला आणि तिकडचाच झाला. शहरात मराठी ख्रिस्ती मंडळी आधीच थोडी, आता आणखी थोडी. रविवारी सकाळी आठला आमची मराठी उपासना होते तेव्हा बाकांवर तीस-पस्तीस माणसं असतात. आमची संपता संपता तेलुगू मंडळी बाहेर जमायला लागते, आणि त्यांच्या चपलांनी सगळा व्हरांडा भरून जातो.

लहानपणी प्रवचन माझ्या डोक्यावरून जायचं. शास्त्रपाठ चालू असताना मी पालीकडे बघत बसायची. गाणं मात्र अंगात शिरायचं. आई पेटी वाजवायची, पप्पा मांडीवर हातानं ताल धरायचे, आणि भाऊ नि मी चटईवर. देव म्हणजे काय हे मला कुणी समजावलेलं आठवत नाही. पण चार माणसं एका सुरात आली की खोलीत पाचवं कुणीतरी आल्यासारखं वाटायचं, ते आठवतं. माझा विश्वास तिथून सुरू झाला असं मी मानते.

छापील पुस्तकातली गाणी आम्ही आळीपाळीनं म्हणायचो. पण शनिवारी एक ठरलेलं गाणं असायचं, जे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. ते आमच्या पणजोबांनी, म्हणजे पप्पांच्या आजोबांनी रचलेलं. चाल जात्यावरच्या ओवीसारखी, संथ. त्याची सुरुवात अशी:

उजाडले देवा । उघडले दार ।
उतरला भार । पायी तुझ्या ॥

पहिलं कडवं पहाटेचं, दुसरं विहिरीच्या पाण्याचं, तिसरं मोडलेल्या भाकरीचं. तिसरं संपलं की पप्पा लगेच प्रार्थना सुरू करत नसत. डोळे मिटून ते गप्प बसत, आणि सगळ्यांनी तसंच बसायचं असा घरचा नियम होता. मी लहानपणी श्वास मोजायची. साधारण आठ श्वास ती शांतता चालायची. मग पप्पा "हे आमच्या स्वर्गीय बापा" म्हणत आणि प्रार्थना सुरू होई.

मी सातेक वर्षांची असताना आईला विचारलं होतं, मध्ये आपण गप्प का बसतो. ती म्हणाली, गाण्याला चौथं कडवं होतं, ते हरवलं, म्हणून त्याची जागा मोकळी ठेवायची. एवढंच तिला माहीत होतं. मी पप्पांना विचारलं. तेही म्हणाले, हरवलं. पणजोबांबद्दलही घरात एवढंच सांगितलं जायचं की ते काही वर्षं तेलंगणात सुवार्तेच्या कामाला गेले होते आणि तिकडून हे गाणं घेऊन आले. त्या आठ श्वासांमध्ये देव आपल्या खोलीतून चालत जातो अशी मी माझ्या मनाशी समजूत करून घेतली होती. डोळे उघडायची मला भीती वाटायची. मोठी झाल्यावर ती समजूत गेली, पण त्या शांततेत डोळे उघडायची हिंमत मला पन्नाशी उलटली तरी झाली नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये पप्पा न्हाणीघरात पाय घसरून पडले. वय शहाऐंशी. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि दोन आठवड्यांनी आम्ही त्यांना घरी आणलं. त्यांना उठवणं, कुशीवर वळवणं मला एकटीला झेपेना. आमच्या पाळकसाहेबांनी तेलुगू मंडळीत विचारलं आणि एक बाई पाठवल्या. वय साठीच्या पुढे, अंगानं बारीक, पण पप्पांना उचलताना कधी त्यांचा तोल गेला नाही. मी त्यांना अक्का म्हणू लागले. त्या मला टीचरम्मा म्हणायच्या आणि पप्पांना पेद्दसार, म्हणजे मोठे सर. आमचं बोलणं अर्धं तेलुगू, अर्धं दखनी. पप्पांना तेलुगू जेमतेम येतं, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी यांवर त्यांचं आयुष्य निघालं.

पप्पांचा पलंग आम्ही बाहेरच्या खोलीत टाकला. उपासना तिथेच व्हायची. अक्का पहिले काही दिवस सातला स्वयंपाकघरात जायच्या. आमची उपासना मराठी, त्यात आपण कशाला, असं त्यांना वाटत असावं. मी बोलावलं तर हसून नको म्हणाल्या.

पहिला शनिवार आला. मी पेटी काढली. आईनंतर ती मीच वाजवते, बरी वाजवते असं नाही. पप्पांनी पडल्या पडल्या सूर धरला. पहिल्या कडव्याच्या दुसऱ्या ओळीला स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. दुसऱ्या कडव्याला अक्का दारात येऊन उभ्या राहिलेल्या मला दिसल्या, हाताला कणीक तशीच. तिसरं कडवं संपलं. पप्पांनी डोळे मिटले, मीही मिटले.

आणि त्या शांततेत गाणं पुढे सुरू झालं.

चाल तीच. तीच संथ लय, ओळीच्या शेवटी तेच खाली उतरणं. शब्द तेलुगू होते. मी डोळे उघडले. अक्का दाराच्या चौकटीला टेकून, डोळे मिटून गात होत्या. वेगळं काही करतो आहोत असं त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतंच. सुरू झालेलं गाणं पुरं करावं तशा त्या गात होत्या. मला सगळे शब्द कळले नाहीत, भाषा जुनी होती. पण 'वेळ्ळु' हा शब्द कळला. वेळ्ळु म्हणजे बोटं. कडवं संपलं आणि त्यांनी "आमेन" म्हटलं.

पेटीचा भाता अर्धवट उघडा होता, त्यातून हवा सुटत राहिली. मी पप्पांकडे पाहिलं. त्यांचे डोळे उघडे होते, छताकडे. गालावरून पाणी उशीत जात होतं. आईच्या दफनालाही ज्यांचा आवाज हलला नव्हता, ते पप्पा.

आम्हा दोघांचे चेहरे बघून अक्का घाबरल्या. त्यांना वाटलं, मोठ्या माणसाच्या उपासनेत आपण मध्ये बोललो. त्या माफी मागायला लागल्या. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, अगदी साधेपणानं.

"टीचरम्मा, ये तो मेरी अम्मम्मा का पाटा है. आप लोगां तीन पे कायको रोक दिये?"

अम्मम्मा म्हणजे आईची आई. पाटा म्हणजे गाणं. त्यांच्या आजीचं गाणं आम्ही तिसऱ्या कडव्यावर का थांबवलं, असं त्या विचारत होत्या.

पप्पा म्हणाले, "तिला म्हणावं, पुन्हा एकदा म्हण."

अक्कांनी पुन्हा म्हटलं. या वेळी त्या दुसऱ्या ओळीवर असताना पप्पांचे ओठ हलू लागले. मला वाटलं, ते तेलुगू शब्द पकडताहेत. पण अक्कांचं म्हणून झाल्यावर पप्पांनी एकट्यानं, बारीक पण स्वच्छ आवाजात, मराठीत गायलं:

बोटे झडली रे । हात नाही रिता ।
तुझ्याच गा हाता । धरियेले ॥

हे कडवं मी आयुष्यात प्रथम ऐकत होते. आणि पप्पांना ते एका शब्दाचीही चूक न होता येत होतं.

मी म्हटलं, "पप्पा, तुम्ही तर हरवलं म्हणाला होतात."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. मग म्हणाले, "हरवलं नव्हतं बाळ. बंद केलं होतं."

त्यांनी सांगितलं ते असं. पणजोबा तेलंगणात सुवार्तेच्या कामाला गेले नव्हते. त्यांना महारोग झाला होता. तिकडे मिशनच्या लोकांनी त्या रोगाचा दवाखाना काढला होता, तिथे ते चार वर्षं राहिले. रोग थांबला, पण बोटं गेली होती. ते घरी परत आले. घरानं त्यांना ठेवून घेतलं, पण अंगणापलीकडची खोली दिली, ताट-तांब्या वेगळा केला. पप्पा आठ-नऊ वर्षांचे होते तेव्हा पणजोबा खूप म्हातारे झाले होते. सदा हातांवर उपरणं गुंडाळलेलं. संध्याकाळी ते आपल्या खोलीच्या उंबऱ्यात बसून गायचे आणि घरातले इकडे ओट्यावर बसून त्यांच्यामागून म्हणायचे. तेव्हा चारही कडवी व्हायची.

मग पप्पांच्या मोठ्या बहिणीचं लग्न ठरू लागलं. मुलाकडचे पाहुणे आले, ते नेमके संध्याकाळच्या उपासनेला थांबणार होते. माझ्या आजोबांनी आपल्या वडिलांना जाऊन सांगितलं की आज तीनच कडवी म्हणा. पणजोबांनी ऐकलं. तिसरं कडवं झालं आणि ते थांबले. पाहुण्यांना काही कळलं नाही. लग्न झालं. पण त्यानंतर पणजोबांनी पुन्हा कधी चौथं कडवं मोठ्यानं म्हटलं नाही. तिसरं संपलं की ते उंबऱ्यात मान खाली घालून बसायचे आणि त्यांचे ओठ हलायचे. ते होईपर्यंत घरातले सगळे गप्प राहायचे.

"माझ्या वडिलांनी कडवं काढून टाकलं," पप्पा म्हणाले, "पण त्याची जागा बुजवायची त्यांची छाती झाली नाही."

पणजोबा वारल्यावरही ती जागा तशीच राहिली. आजोबांनी पप्पांना बजावलं होतं की हे कुणाला सांगायचं नाही, पुढच्या पिढीलाही नाही. पप्पांनी आईलासुद्धा सांगितलं नाही.

मी विचारलं, "मग तुम्ही त्या वेळात काय करत होता? इतकी वर्षं?"

"म्हणत होतो की," ते म्हणाले. "मनात. दर शनिवारी."

मला त्या क्षणी काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. राग होता थोडा. पण त्याहून मोठं काहीतरी होतं, ज्यापुढे राग उभा राहू शकत नव्हता. जिला मी आयुष्यभर रिकामी शांतता समजले होते, ती कधीच रिकामी नव्हती. माझ्यापासून हातभर अंतरावर बसून माझे वडील तिच्यात गात होते. आणि त्याच वेळी, इथून शंभरेक मैलांवर, आम्हाला ठाऊक नसलेली माणसं दुसऱ्या भाषेत ते मोठ्यानं गात होती. आम्ही लपवलं ते त्यांनी सांभाळलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कागदावर लिहिलेलं नव्हतं. मला उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत शास्त्र दोनदा वाचून जे कळलं नव्हतं, ते त्या खोलीत कणकेच्या हातांनी उभ्या असलेल्या बाईकडे बघताना कळल्यासारखं झालं. मी उठून त्यांच्या पाया पडले. त्यांना ते मुळीच आवडलं नाही.

त्यानंतर आठवडाभर अक्का आपल्या अम्मम्माबद्दल तुकड्या-तुकड्यानं सांगत राहिल्या, कधी पप्पांचे पाय चेपताना, कधी भाजी निवडताना. दहा-अकरा वर्षांच्या त्या मुलीला तिच्या मामानं दवाखान्याच्या फाटकाशी आणून सोडलं होतं. 'इथेच बस' म्हणून तो जो गेला तो परत आला नाही. ती तीन दिवस कुणाशी बोलली नाही. तिथे एक मराठी पंतुलु होते. पंतुलु म्हणजे मास्तर. ते स्वतः रोगी होते आणि संध्याकाळी इतर रोग्यांना गोळा करून गाणी शिकवायचे. त्यांचं तेलुगू मोडकंतोडकं, म्हणून तिथल्याच माणसांना विचारून ते आपल्या मराठी गाण्याचे तेलुगू शब्द जुळवत होते. चौथ्या दिवशी त्यांनी त्या मुलीला विचारलं की बोटांना तुमच्याकडे काय म्हणतात. ती म्हणाली, वेळ्ळु. त्या दवाखान्यात तिनं उच्चारलेला तो पहिला शब्द. पंतुलु म्हणाले, बघ, तुझा शब्द माझ्या गाण्यात आला. ती बरी झाली. तिथल्याच एका बऱ्या झालेल्या माणसाशी तिचं लग्न झालं, जवळच्या गावात घर झालं, मुलं झाली. अक्कांना मांडीवर घेऊन तिनं हे गाणं शिकवलं, आणि प्रत्येक वेळी त्या शब्दाशी थांबून ती सांगायची की हा शब्द मी दिलेला आहे.

हे सगळं मी पप्पांना मराठीत सांगायची. ते डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "पुन्हा सांग, तो शब्दाचा भाग."

मी भावाला फोन केला. त्याला आवडलं नाही. तो म्हणाला, झाकलेलं आहे ते झाकलेलं राहू दे, माझ्या मुलीचं लग्न आहे पुढच्या वर्षी. मी म्हटलं, हेच कारण आजोबांनी दिलं होतं. त्यानं रागानं फोन ठेवला नाही, एवढंच. नंतर महिन्याभरानं त्यानं एका ओळीचा निरोप पाठवला की कडवं लिहून पाठव. त्याच्या मुलीला मराठी वाचता येत नाही, म्हणून मी ते इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवलं. तिनं ते म्हटलं की नाही, मी विचारलेलं नाही.

नोव्हेंबरात पप्पा काठी घेऊन खोलीतल्या खोलीत चालू लागले तेव्हा अक्का म्हणाल्या की एकदा आमच्या दवाखान्याच्या देवळात या. पप्पांना बस झेपणार नव्हती. आमच्या मंडळीतल्या एका जोडप्यानं दिवसभर त्यांच्याजवळ थांबायचं कबूल केलं आणि एका रविवारी पहाटेच्या बसनं अक्का आणि मी निघालो.

तो दवाखाना आता सगळ्यांसाठी आहे, डोळ्यांचे आणि कातडीचे रोगी लांबून येतात. पण मागच्या बाजूला चिंचेच्या झाडांखाली जुन्या रोग्यांच्या खोल्या अजून आहेत. रोग कधीच गेलेला, पण गावानं परत न घेतलेली आठ-नऊ माणसं तिथे राहतात. देऊळ लहान, दगडी. पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला, खाली चटया. अक्कांनी तिथल्या पाळकांना आधी कळवलं होतं. त्यांनी सगळ्यांना सांगितलं की मराठी पंतुलुंच्या घरचं माणूस आलं आहे. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मी पप्पांना व्हिडिओ कॉल लावून फोन चटईवर उभा केला. गाणं सुरू झालं. ढोलक होतं, टाळ होते, आणि चाळीस-पन्नास आवाज. मी मराठीत म्हणत होते, ते तेलुगूत. कुठेही अडलं नाही. फोनवरून पप्पांचा आवाज येत होता, पण नेटवर्क हळू असल्यामुळे तो अर्धी ओळ मागे पडत होता. ते सगळे पुढे गेले की मागून पप्पांचे मराठी शब्द यायचे. शेजारच्या बाया ते ऐकून ओळीच्या शेवटी जरा लांबवायला लागल्या, म्हणजे त्यांना गाठता यावं. चौथ्या कडव्याला समोरच्या रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांनी हात वर उचलले. तिथली ती रीतच आहे, असं मला नंतर कळलं. ज्यांना बोटं होती आणि ज्यांना नव्हती, ते सगळे हात मी बघत राहिले. मला गाता येईना. फोनमधून पप्पा मात्र गात होते.

उपासना झाल्यावर एक फार म्हातारी बाई बसल्या बसल्या सरकत माझ्याजवळ आली. तिनं पणजोबांना पाहिलेलं असणं शक्यच नव्हतं, तिनं फक्त ऐकलेलं. तिनं आपले दोन्ही आखूड हात माझ्या हातांवर ठेवले. ते उबदार होते. तेलुगूत तिनं मला विचारलं, जसं काही ते गेल्या महिन्यातच तिथून निघाले होते:

"पंतुलुगारु घरी नीट पोचले ना?"

मी हो म्हटलं. पोचले, म्हटलं.

तिनं मान हलवली आणि मला जेवायला चल म्हणाली. चिंचेखाली पंगत बसली होती. पानावर भात, पप्पू म्हणजे वरण, आणि गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची चटणी होती. ती माझ्या शेजारी बसली, आणि माझं जेवण होईपर्यंत उठली नाही.